खेकडा, शनिवार आणि पंगत

दिवाळी सरली की आमच्या नात्यागोत्यात एक वाद हमखास उकरून काढला जातो. ख्रिस्ती माणसाने नाताळ करावा का? उपासना रविवारी करावी की शनिवारी? डुक्कर, कोळंबी, खेकडा खावा, की बायबलात मना केलंय म्हणून ताट बाजूला सारावं? पूर्वी हा वाद छापील पत्रकांतून यायचा, आता मोबाईलवरून येतो, एवढाच फरक. 'आपल्या हिब्रू मुळांकडे परत चला' असं सांगणारी प्रवचनं आमच्याकडची तरुण मंडळी मनापासून ऐकतात. परवा एक चुलतभाऊ म्हणाला, "दादा, तू जगातल्या सगळ्या विषयांवर लिहितोस, यावर का नाही?" म्हटलं, लिहितो. पण लिहायचं तर स्पष्टच लिहिणार. राग मानू नये, आणि मानलाच तर नाताळच्या फराळाला घरी येऊन भांडावं. :)

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बायबलच्या जुन्या करारात लेवीय नावाचं पुस्तक आहे. त्याच्या अकराव्या अध्यायात काय खावं आणि काय खाऊ नये याची यादी आहे. ज्याचे खूर दुभंगलेले आणि जे रवंथ करतं ते जनावर चालतं. म्हणजे गाय, शेळी, मेंढी चालते. डुक्कर, उंट, ससा चालत नाही. पाण्यातलं असेल तर पर आणि खवले दोन्ही हवेत, म्हणजे कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या बाद. रक्त तर कशाचंच नको. गंमत म्हणजे टोळ चालतात! टोळ खाणारा एकही हिब्रूमुळवाला अजून माझ्या पाहण्यात नाही. याशिवाय शनिवारचा शब्बाथ, वल्हांडण, मंडपांचा सण, प्रायश्चित्ताचा दिवस असे सणवार आहेत.

आता, समोरच्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. येशू यहुदी होता, शब्बाथाला सभास्थानात जायचा, वल्हांडण पाळायचा. नियमशास्त्र रद्द करायला मी आलो नाही असं तो डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो. रविवार पाळा अशी सरळ आज्ञा बायबलात नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनने इसवी सन 321 मध्ये रविवारच्या सुट्टीचा कायदा केला हा इतिहास आहे. 25 डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानात कुठेही नाही. हे सगळं खरं आहे. तेव्हा ही मंडळी अडाणी आहेत असं समजून बोलण्यात अर्थ नाही.

आणि शनिवार पाळणारे ख्रिस्ती आपल्याकडे नवीनही नाहीत. पुण्यात स्पायसर कॉलेज 1942 पासून आहे. ते सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचं. ही मंडळी शनिवार पाळतात, डुकराला शिवत नाहीत, कित्येक जण शुद्ध शाकाहारी असतात. औंधच्या बाजूला राहिलेल्या जुन्या पुणेकरांना स्पायसरचा ब्राऊन ब्रेड ठाऊक असेलच. एखादा माणूस देवासाठी म्हणून शनिवारी दुकान बंद ठेवतो, डुकराचं मटण सोडतो, याबद्दल मला आदरच आहे. माझं भांडण आहे ते "मी पाळतो" इथून निघून "तू पाळलंच पाहिजेस, नाहीतर तू अशुद्ध" इथे पोचणाऱ्या वाटेशी. ती वाट फार छोटी आहे. आणि आपल्या मुलखात ती नेमकी कुठे जाते हे आपल्याला इतर कोणापेक्षाही जास्त माहीत असायला हवं.

हा वाद पहिल्याच पिढीत झालेला आहे. प्रेषितांची कृत्ये उघडून दहावा अध्याय वाचा. यापो गावात पेत्र धाब्यावर प्रार्थनेला गेला असता त्याला दृष्टांत होतो. आकाशातून चादर उतरते, तीत सगळ्या तऱ्हेची जनावरं, आणि 'ऊठ, मारून खा' असा आदेश. पेत्र तीनदा नाही म्हणतो. आमचे शनिवारवाले बंधू इथे म्हणतात की तो दृष्टांत खाण्याबद्दल नाहीच, माणसांबद्दल आहे. पेत्रानेच पुढे सांगितलंय की कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणायचं नाही हे देवाने मला दाखवलं. अगदी बरोबर! मी तरी दुसरं काय म्हणतोय? माणसाला अशुद्ध म्हणायचं नसेल तर त्याच्या ताटाला अशुद्ध म्हणून चालत नाही, हेच पेत्राला त्या धाब्यावर कळलं. आणि कळल्यावर त्याने केलं काय, तर कर्नेल्य नावाच्या रोमी शतपतीच्या घरी तो गेला आणि तिथे राहिला.

पुढे अंत्युखियात तोच पेत्र घसरला. यहुदी नसलेल्या विश्वासू लोकांबरोबर तो एका पंगतीत जेवत होता. यरुशलेमहून याकोबाकडची काही वजनदार माणसं आली आणि पेत्र हळूच पंगतीतून उठला, वेगळा बसू लागला. त्याचं बघून बर्णबासुद्धा उठला. तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांच्या तोंडावर झापलं. गलतीकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय. इंग्रजी पुस्तकांत यावर ढीगभर चर्चा आहे. मराठी माणसाला त्यातलं काही वाचावं लागत नाही, कारण आपल्याकडे या गोष्टीला एक शब्द आहे: पंक्तिभेद. पाहुणे आले म्हणून पेत्राने पंक्तिभेद केला आणि पौलाने तो चालू दिला नाही. त्या दिवशी पौल गप्प बसला असता तर ख्रिस्ती मंडळीत कायमच्या दोन पंगती झाल्या असत्या. आतली आणि ओसरीवरची.

आता आपल्याकडे या.

नगर, जालना भागातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांपैकी बहुतेकांचे वाडवडील महार-मांग वस्तीतून आलेले आहेत. आमचेही. यात लपवण्यासारखं काही नाही. गावात मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम आणि ते मांस हा 'हक्क', दोन्ही त्यांच्याच गळ्यात घातलेलं होतं. आधी पोटासाठी ते खायला लावायचं, मग ते खातात म्हणून विहिरीवर येऊ द्यायचं नाही. डॉ. आंबेडकरांनी 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं आपल्या लोकांना कळकळीने सांगितलं ते स्वाभिमानासाठी. ते लेवीयाच्या यादीतून आलेलं नव्हतं. "हे तुमच्यावर लादलेलं आहे, फेकून द्या" असं ते सांगणं होतं. तुम्ही अशुद्ध आहात असं ते सांगत नव्हते. दोन्ही वाक्यांचा परिणाम ताटावर सारखाच दिसेल, पण माणसावर एकदम उलटा होतो.

मग अनुवादाच्या पुस्तकातला चौदावा अध्याय, एकविसावं वचन वाचा. आपोआप मेलेलं जनावर तुम्ही खाऊ नका, तुमच्या वेशीआतल्या उपऱ्याला द्या किंवा परक्याला विका, असा त्याचा अर्थ. का, तर तुम्ही पवित्र प्रजा. मी हे वचन आमच्या घरात मोठ्याने वाचून दाखवलं होतं. कोणी काही बोललं नाही. बोलणार काय? त्या वचनातला उपरा म्हणजे आमचा पणजोबा. कायद्यात राहणारी पवित्र प्रजा आणि वेशीजवळचा, ज्याला मेलेलं द्यायचं तो, यातल्या कोणत्या जागी आपण उभे होतो हे एका पिढीत विसरायला होत असेल तर कमालच म्हणायची. जुन्या करारात उपऱ्यावर प्रीती करा असंही वारंवार सांगितलंय, ते मला माहीत आहे. पण प्रीती करा म्हणणारं वचन आणि ताट वेगळं ठेवणारं वचन यांतून आमच्या लोकांनी दुसरं उचलावं, हे मला पटणं शक्य नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. हिब्रूतल्या त्या शब्दांना त्यांच्या त्यांच्या मुलखात जो काही अर्थ असेल तो असो. मराठी बायबलात ते 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' झाले. मराठीत हे शब्द कोरे नाहीत. त्यांच्यामागे सोवळं-ओवळं, विटाळ, वरून ओतलेलं पाणी, सगळं उभं आहे. परदेशातला प्रवचनकार 'अशुद्ध' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर डुक्कर असतं. आपल्याकडे तोच शब्द उच्चारला की माणूस समोर येतो.

हे मी हवेत बोलत नाही. नात्यातल्याच एका लग्नात दोन कुटुंबं घरून डबे घेऊन आली आणि मांडवाच्या कोपऱ्यात वेगळी बसली. का, तर आचारी कोणती भांडी वापरतो त्याचा भरवसा नाही. नवऱ्यामुलीची आजी, वय वर्षं ऐंशीच्या पुढे, ती पाहतच राहिली. मग शेजारच्या बाईला म्हणाली, "आम्ही कोपऱ्यातनं उठून मधी आलो, आन् हे मधनं उठून कोपऱ्यात चालले!" मी यावर पानंच्या पानं लिहीत बसलो आणि तिने एका वाक्यात सांगितलं.

कोणी म्हणेल, म्हणजे खाण्याची सक्ती करावी का? मुळीच नाही. ती सक्तीही आपल्याच किनाऱ्यावर होऊन गेली आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने 1736 मध्ये फर्मान काढून नवख्रिस्ती घरांत बिनमिठाचा भात शिजवायलाही बंदी केली होती, कारण ती हिंदूंची पद्धत. कोणाच्या भाताच्या पातेल्यात मीठ आहे की नाही हे धर्मखातं बघणार! सत्तेचा हात स्वयंपाकघरात शिरला की तो खायला लावतोय की सोडायला लावतोय याने फारसा फरक पडत नाही.

याउलट पंडिता रमाबाईंचं बघा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. तिथल्या भगिनींना त्यात ब्राह्मण्याचा अवशेष दिसायचा. रमाबाईंनी त्यांना जुमानलं नाही. ख्रिस्ताला मानायचं तर मांस खाल्लंच पाहिजे असं कुठे आहे? आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा हिंदू मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक दिली. दुसरीकडे लक्ष्मीबाई टिळक. नवरा 1895 मध्ये ख्रिस्ती झाला, पुढे त्या त्याच्याजवळ राहायला आल्या, पण चूल आणि पाणी वेगळं. मग स्वतःच विचार करून त्यांनी जातिभेद आणि शिवाशीव टाकून दिली. त्यानंतर 1900 मध्ये बाप्तिस्मा. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी ते जरूर वाचावं. एकीने खाण्याचा नियम ठेवला, दुसरीने मोडला, आणि दोघींनी ते कोणाच्या धाकाने केलं नाही. रोमकरांच्या पत्राच्या चौदाव्या अध्यायाचं मराठी उदाहरण कोणी मागितलं तर मी या दोघींची नावं सांगेन. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, एवढंच पौलाचं म्हणणं. दिवसांच्या बाबतीतही तेच.

"पण नियमशास्त्र काही वाईट नाही ना?" असं चुलतभाऊ विचारतो. वाईट कोण म्हणतंय? ते मनापासून पाळणारी माणसं आपल्याच कोकणात होती, मराठी बोलणारी. बेने इस्राएल. रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू विसरले होते, पोथी जवळ नव्हती, पण मुलांची सुंता, शब्बाथ आणि पर-खवल्यांची मासळी विसरले नव्हते. सणांची नावं बघा: नव्याचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण! दारफाळणी म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. यहुदी धर्मातला सगळ्यांत गंभीर दिवस आणि नाव असं, जणू शेजारच्या वाडीतलं.

मिशनऱ्यांना या लोकांबद्दल फार आशा होती. डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 च्या सुमारास त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, शाळा काढल्या. अपेक्षा ही की ही मंडळी शास्त्र वाचतील आणि ख्रिस्ती होतील. झालं उलटंच. शास्त्र वाचून ते आणखी चांगले यहुदी झाले! मला ही गोष्ट फार आवडते. ज्यांचा वारसा होता त्यांच्या हाती तो पोचला.

त्या नियमांनी बेने इस्राएलांना शतकानुशतकं एक वेगळा समाज म्हणून टिकवलं. कुंपण हे त्या नियमांचं कामच आहे, आणि त्यांनी ते चोख बजावलं. तरीसुद्धा इस्राएलमध्ये गेल्यावर 1962 मध्ये तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी लग्नासाठी यांच्या मागच्या पिढ्या तपासायला सांगितल्या. बेने इस्राएल रस्त्यावर उतरले, 1964 मध्ये त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. इतकी शतकं पाळणाऱ्यांचीही दारात चौकशी झाली. मग डुकराचं मटण सोडून दोन वर्षं झालेल्या आमच्या पुतण्याने स्वतःला इस्राएलच्या घराण्यातला समजावं हे जरा जास्तच होतं. दुसऱ्याच्या घरातली आजीची पैठणी आपण नेसून मिरवायची नसते. दुरून पाहून नमस्कार करावा.

आता शनिवार-रविवार. शब्बाथाची आज्ञा अनुवादाच्या पाचव्या अध्यायात जशी आहे तशी वाचा. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि उपरा, सगळ्यांना विसावा मिळावा. कारण तू मिसरात दास होतास हे लक्षात ठेव. आज्ञेचा जीव इथे आहे. राबणाऱ्याला दम खायला मिळावा. ही आज्ञा आपल्या देशात कोणी पाळून घेतली असेल तर ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. मूळ गाव कन्हेरसर, खेड तालुका, म्हणजे आमच्या जुन्नरच्या शेजारचेच. जोतीराव फुल्यांचे सहकारी. गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारच का, तर तो आपल्या खंडोबाचा वार! घ्या. म्हणजे आमचे बंधू ज्या रविवारला कॉन्स्टंटाइनचा म्हणून नाकं मुरडतात, तो इथल्या कामगाराने खंडोबाचा म्हणून मागून घेतला. आणि तरी मी म्हणेन की मोशेच्या आज्ञेचा जीव लोखंड्यांच्या अर्जात जास्त होता. शब्बाथ माणसासाठी केला गेला, माणूस शब्बाथासाठी नाही, हे येशूचं म्हणणं त्याहून वेगळं काय आहे?

मी नोकरीच्या सुरुवातीला काही वर्षं घाटघरला होतो, नाणेघाटाच्या तोंडाशी. महादेव कोळ्यांचं गाव, पाऊस असा की समोरचा जीवधन आठ-आठ दिवस दिसत नाही. आवणीच्या दिवसांत तिथे शनिवार नसतो आणि रविवारही नसतो. भात लावून होईपर्यंत माणूस चिखलात. रात्री ओढ्याचे खेकडे धरायचे, पाट्यावर वाटून त्याचं कालवण, सोबत भात नाहीतर नाचणीची भाकरी. ज्या घरात मी जेवलो त्या घरात मला कोणी माझी जात विचारली नाही, धर्मही नाही. "मास्तर, बसा," एवढंच. लेवीयाच्या यादीप्रमाणे ते कालवण निषिद्ध. ते ताट मी 'अशुद्ध' म्हणून परत सारलं असतं तर त्या माउलीला माझ्या देवाबद्दल काय कळलं असतं?

भात लावून झाला की याच पट्ट्यातली कुटुंबं मजुरीसाठी नारायणगाव-ओतूरच्या बागायतीत उतरतात. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात लिहिलंय की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका, आणि पीक कापताना शेताचे कोपरे गरिबासाठी व उपऱ्यासाठी सोडा. अकराव्यावर तासतास बोलणारे प्रवचनकार एकोणिसाव्यावर का बोलत नाहीत? उत्तर सोपं आहे. खेकडा सोडायला काही पडत नाही. मजुरी वेळेवर द्यायला पैसे पडतात.

जुन्नरच्या लेण्यांत एक छोटा शिलालेख आहे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला. चिट नावाच्या एका यवनाने, म्हणजे परदेशातून आलेल्या माणसाने, भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिल्याची त्यात नोंद आहे. नाणेघाटातल्या राणी नागनिकेच्या लेखात मोठमोठ्या यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई-घोड्यांची जंत्री आहे. हा बापडा परका माणूस, त्याला दान काय सुचलं, तर इतरांनी एकत्र बसून जेवावं अशी जागा. देव कोणता, पंथ कोणता ते सोडा. आपल्या तालुक्याच्या दगडात कोरलेली ही गोष्ट मला पौलाच्या पत्रांच्या फार जवळची वाटते.

तेव्हा आमच्या शनिवारवाल्या मंडळींना एवढंच सांगणं आहे. शनिवार पाळा, खुशाल पाळा. डुक्कर नको तर नको, तुमच्यासाठी वेगळी भाजी करू, त्याच चुलीवर आणि प्रेमाने करू. नाताळची तारीख पटत नसेल तर करंज्या 26 ला खा. पण पुढच्या लग्नात डबा घेऊन कोपऱ्यात बसू नका. आपल्या म्हाताऱ्या माणसांना मांडवाच्या मध्ये येऊन बसायला फार वर्षं लागली आहेत. त्यांच्या शेजारची जागा रिकामी ठेवायचा हक्क तुम्हाला कोणत्याच अध्यायाने दिलेला नाही.

असो. फराळाला या.